लिहून काढलेला जॅझ: निकोलाय कापुस्तिन नावाचं कोडं

मागे एका मित्राने नुसती ऑडिओ फाइल पाठवली, नाव नाही गाव नाही, खाली एवढंच की "सांग बघू काय आहे". पियानो होता, एकटाच. डावा हात खाली दणादण चाललाय, उजवा हात वर मनाला येईल तशा उड्या मारतोय, मधेच एखादा स्वर तिरपा लागल्यासारखा आणि लगेच सावरून घेतल्यासारखा, आणि वेग असा की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. मी छातीठोकपणे कळवलं की कुठल्यातरी क्लबमधला जॅझवाला आहे, चांगलाच रंगात आलाय, बहुतेक जॅझ पियानिस्ट ऑस्कर पीटरसनच्या वळणाचा. त्यावर त्याने दुसरी फाइल पाठवली. पियानिस्ट दुसरा, रेकॉर्डिंग दुसरं, आणि वाजवलेलं हुबेहूब तेच. तो तिरपा स्वरसुद्धा तिथेच, तसाच. मग तिसरी लिंक आली व्हिडिओची, त्यात छापील नोटेशन पुढे पुढे सरकतंय आणि त्या तिरप्या स्वराच्या डोक्यावर चक्क जोर द्यायची खूण छापलेली.

म्हणजे तो माणूस रंगात वगैरे काही आला नव्हता, समोर लिहिलेलं वाजवत होता. माझा पार पोपट झाला.

तर हा निकोलाय कापुस्तिन. जन्म १९३७ चा, युक्रेनमधल्या होर्लिव्का या कोळसा खाणींच्या शहरातला, गेला २०२० मध्ये मॉस्कोत, आणि मधल्या ८२ वर्षांत १६१ ओपस, म्हणजे क्रमांक दिलेल्या १६१ रचना, त्यात २० पियानो सोनाटा, म्हणजे एकट्या पियानोच्या लांब रचना, आणि ६ पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्रा साथीला घेऊन वाजवायच्या. आणि एवढं लिहून साठी गाठेपर्यंत रशियाबाहेर त्याचं नाव फार थोड्यांना माहीत होतं. असं का झालं हे समजायचं तर आधी तो करत काय होता ते समजून घ्यायला लागतं, कारण वरवर साधं वाटणारं हे काम मुळात उलट्या दिशेचं आहे.

लिहिलेलं वाजवलं यात एवढं काय, सगळे क्लासिकलवाले तेच करतात की, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. (इथे क्लासिकल म्हणजे युरोपियन, आपलं शास्त्रीय नाही. आणि गंमत बघा, या एका बाबतीत आपलं शास्त्रीय त्यांच्या क्लासिकलपेक्षा जॅझला जास्त जवळचं आहे.) ख्याल गाणाऱ्याची बंदिश असते दोन-चार ओळींची, बाकीचा पाऊण तास तो तिथल्या तिथे घडवत असतो. जॅझवाल्याचंही तेच. एक गाणं घ्यायचं, बऱ्याचदा ३२ बारचं, एकेक बार म्हणजे चार-चार मात्रांचा खण समजा, त्याच्या खाली कॉर्ड्सची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांची, एक ठरलेली माळ असते, ती संपली की पुन्हा पहिल्यापासून, अगदी आवर्तनासारखी, आणि दर फेरीला वाजवणारा नवीन सुरावट काढत जातो. आज रात्री वाजवलं ते उद्या तसंच वाजेल याची काही गॅरंटी नाही, किंबहुना तसंच वाजलं तर लोक नाकं मुरडतील.

युरोपियन क्लासिकलमध्ये मात्र कागद राजा. बेथोव्हेनने लिहिलेला स्वर दोनशे वर्षांनी बदलायची कुणाची छाती नाही. वाजवणाऱ्याचं कसब सगळं त्याच स्वरांना कसं बोलतं करायचं यात.

आता कल्पना करा की कुणीतरी घरी टेबलाशी बसून अख्खा बडा ख्याल लिहून काढला, एकेक तान, एकेक हरकत, श्वास कुठे घ्यायचा, समेला कुठे मुद्दाम हुलकावणी द्यायची, सगळं, आणि कागद गवयाच्या हातात देऊन म्हटलं की गा. गवई म्हणेल मग मी कशाला हवा? आणि समजा गायलाच, तर हे पाठ केलेलं आहे हे तिसऱ्या मिनिटाला श्रोत्यांना कळेल. कापुस्तिनने हाच उद्योग जन्मभर केला, आणि त्याचं ते कळत नाही. माझ्यासारख्याला तर अजिबातच कळलं नाही.

बरं, जॅझ ऐकल्यावर ते "जॅझ" कशाने वाटतं? एक म्हणजे स्विंग. एका मात्रेत दोन स्वर बसवायचे तर ते सारखे न बसवता पहिला जरा लांब आणि दुसरा जरा तोकडा, टाऽक-ट टाऽक-ट असं, आणि जोर भलत्याच ठिकाणी, जिथे पाय आपटावासा वाटतो तिथे नाही तर त्याच्या किंचित आधी किंवा नंतर. दुसरं म्हणजे ब्लू नोट, शुद्ध गंधार आणि कोमल गंधार यांच्या मधे कुठेतरी रेंगाळणारा स्वर. गळ्याला ते सहज जमतं, सॅक्सोफोनलाही जमतं, पियानोला मात्र मींडच नाही, पट्टी दाबली की ठरलेला स्वर वाजणार, त्यामुळे पियानोवाले दोन शेजारच्या पट्ट्या जवळजवळ एकत्र चुरडतात आणि मधला स्वर ऐकल्याचा भास करून देतात. मी ज्याला तिरपा स्वर म्हणत होतो ना, तो हा. आणि तिसरं म्हणजे कॉर्ड्स, तीन स्वरांच्या साध्या कॉर्डवर सातवा, नववा, तेरावा असे मजले चढवत नेलेले, त्यामुळे तो जॅझचा धुरकट रंग येतो.

हे सगळं कापुस्तिनच्या कागदावर आहे. नाही ती फक्त एक गोष्ट, आयत्या वेळी सुचणं.

जॅझ आणि क्लासिकलचा संसार मांडणारा हा काही पहिला नव्हे. १२ फेब्रुवारी १९२४ ला न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये पॉल व्हाइटमनच्या बँडबरोबर अमेरिकन रचनाकार जॉर्ज गर्श्विनने रॅप्सडी इन ब्लू वाजवली ती या सगळ्या प्रकरणातली गाजलेली तारीख. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. घाईत रचना झालेली, गर्श्विनच्या एकट्याच्या पियानोचे काही भाग कागदावर उतरलेच नव्हते, ते त्याने त्या दिवशी आपल्या मनाने वाजवले आणि कंडक्टरच्या प्रतीत त्या जागी एवढंच लिहिलेलं की याने मान हलवेपर्यंत थांबा. म्हणजे क्लासिकल हॉलमध्ये घुसलेल्या पहिल्या मोठ्या जॅझ रचनेच्या मधोमध कोरा कागद होता! पुढे फ्रेंच रचनाकार राव्हेलने आपल्या जी मेजर कॉन्चेर्टोत ब्लूजचे रंग भरले, अमेरिकेत डेव्ह ब्रुबेक असा निघाला की त्याला कॉलेजात नोटेशनच वाचता येत नव्हतं, कधी कुणाला शिकवणार नाहीस असं वचन घेऊन त्याला पदवी दिली म्हणतात, आणि नंतर तोच दारियुस मियोसारख्या फ्रेंच रचनाकाराकडे जाऊन शिकला. फ्रान्समध्ये जाक लूसिएने १९५९ पासून बाखच्या रचना घेऊन त्यावर पियानो-बेस-ड्रम्स असा जॅझ चढवला. १९५७ मध्ये अमेरिकन रचनाकार गुंथर शुलरने या मिश्रणाला थर्ड स्ट्रीम म्हणजे तिसरा प्रवाह असं नावही देऊन टाकलं.

पण यातले बहुतेक जण काय करत होते, तर क्लासिकलचा सांगाडा घेऊन त्यात इम्प्रोव्हायझेशनला, म्हणजे आयत्या वेळी सुचून वाजवण्याला, जागा ठेवत होते, किंवा लिहिलेल्या क्लासिकल रचनेला जॅझचा तडका देत होते. लूसिए कागदावरून जॅझकडे निघाला होता. कापुस्तिन जॅझकडून कागदाकडे आला, आणि तिथेच बसला.

त्याच्या आयुष्यात तसं नाट्य कमीच, असलं तर ते सगळं आजूबाजूला. साडेतीन वर्षांचा असताना युद्ध आलं, घरच्यांबरोबर किर्गिझस्तानातल्या तोकमाकला जावं लागलं. तेराव्या वर्षी पहिला सोनाटा लिहिला. १९५२ मध्ये, चौदा वर्षांचा असताना, मॉस्कोला शिकायला आला, तिथे पहिले गुरू अव्रेलियन रुबाख. हे रुबाख फेलिक्स ब्लूमेनफेल्डचे शिष्य, आणि जगप्रसिद्ध पियानिस्ट होरोविट्झही त्याच ब्लूमेनफेल्डचा, म्हणजे घराणं बघा कुठलं. पुढे मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे तिथल्या संगीत महाविद्यालयात, अलेक्झांडर गोल्डनवायझर, म्हातारे गृहस्थ, जन्म १८७५ चा, टॉलस्टॉयबरोबर बुद्धिबळ खेळलेले, आणि रचनाकार राखमानिनोव्हने दोन पियानोंसाठीची आपली दुसरी सुइट ज्यांना अर्पण केली ते. अशा शुद्ध सोवळ्यातल्या रशियन पियानो परंपरेत हा पोरगा वाढत होता आणि रात्री कान लावून जॅझ ऐकत होता.

कान लावून म्हणजे खरोखर कान लावून. सोव्हिएत युनियनमध्ये जॅझचं भवितव्य सरकारच्या लहरीवर चालायचं. कधी चालतो, कधी चालत नाही. युद्धकाळात अमेरिका मित्र होती तेव्हा चालला, शीतयुद्ध सुरू झालं तसा तो भांडवलशाहीचा विटाळ ठरला, १९४९ च्या आसपास तर सॅक्सोफोन या वाद्यावरच गदा आली. "आज जॅझ वाजवतो, उद्या देश विकेल" अशी यमकात बसवलेली म्हण रशियनमध्ये होती. रेकॉर्ड मिळायच्या नाहीत म्हणून लोक दवाखान्यातून टाकून दिलेल्या एक्स-रे फिल्मवर चोरून गाणी कोरायचे, प्रकाशात धरलं तर कुणाच्यातरी बरगड्या दिसणार आणि सुईखाली ठेवलं तर गाणं वाजणार. १९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिकावर विलिस कोनोव्हर नावाचा निवेदक जॅझचा कार्यक्रम करायला लागला, शॉर्टवेव्हवर, खर्जातल्या आवाजात आणि मुद्दाम सावकाश इंग्रजीत, म्हणजे भाषा नीट न येणाऱ्यालाही कळावं. त्या खरखरीतून जे ऐकू आलं त्यावर सोव्हिएत जॅझवाल्यांची अख्खी पिढी तयार झाली. आणि हेही लक्षात घ्या, समोर बसून शिकवणारा कुणी नाही, सोबत जॅम करायला न्यूयॉर्कचे क्लब नाहीत, ऐकलेलं पकडून ठेवायचं तर कानाने उतरवून कागदावर घ्यायचं. कापुस्तिनच्या लिहिण्याच्या सवयीचं मूळ थोडंफार इथेही असणार असं मला वाटतं, हा आपला माझा अंदाज.

स्टालिन गेल्यावर वारं जरा बदललं. १९५७ च्या उन्हाळ्यात मॉस्कोत जागतिक युवक महोत्सव भरला, तीसएक हजार परदेशी तरुण शहरात, त्यात जॅझ बँडसुद्धा, आणि सोव्हिएत बाजूने युरी साउल्स्कीचा बिग बँड उतरला. त्यात पियानोवर १९ वर्षांचा कापुस्तिन, आणि वाजवलं काय तर स्वतःचीच रचना, कॉन्चेर्टिनो, ओपस १. पुढचं ऐका. बँडला बक्षीस मिळालं, मग वर्तमानपत्रातून बँडवर टीकेची झोड उठली की हे कसले पाश्चात्त्य थेर, आणि बँडच बंद पडला. म्हणजे कापुस्तिनच्या करिअरची सुरुवात ही अशी, एका हाताने मेडल आणि दुसऱ्या हाताने कानाखाली.

१९६१ मध्ये कॉन्झर्व्हेटरीतून बाहेर पडल्यावर त्याच्यापुढे सरळ रस्ता होता, मैफिली करणारा क्लासिकल पियानिस्ट व्हायचं. त्याऐवजी तो ओलेग लुंडस्ट्रेमच्या बँडमध्ये गेला आणि ११ वर्षं, १९७२ पर्यंत, तिथेच राहिला. या लुंडस्ट्रेम बँडची स्वतःची गोष्ट एखाद्या वेबसिरीजला पुरेल: १९३४ मध्ये चीनच्या हार्बिनमध्ये रशियन पोरांनी ड्यूक एलिंग्टनच्या रेकॉर्ड ऐकून काढलेला बँड, मग शांघाय, १९४७ मध्ये सगळे सोव्हिएत युनियनला परतले तर जॅझविरोधी लाट नेमकी जोरात, काही वर्षं कझानमध्ये काढली, आणि १९५६ पासून मॉस्को. पण ते असो. कापुस्तिनसाठी या ११ वर्षांचं मोल वेगळं होतं, एक तयारीचा बँड हाताशी, लिहिलेलं प्रत्यक्ष कसं वाजतं हे लगेच कानावर पडतं. त्या काळातली त्याची ओपस ८ ची टोक्काटा, म्हणजे बोटं पळवायची वेगवान रचना, बिग बँड आणि पियानोसाठी, १९६४ च्या एका सोव्हिएत संगीतपटात आहे आणि ती क्लिप नेटवर सापडते, बघाच. मागे ट्रंपेट-ट्रॉम्बोनवाले जोशात आहेत आणि पियानोवर पोरगा असा बसलाय की जणू बँकेत स्लिपा भरतोय, चेहऱ्यावर काही नाही, हात मात्र दिसतसुद्धा नाहीत इतके पळतायत.

पुढची वर्षं चटकन सांगतो. १९७२ ते ७७ टीव्ही-रेडिओसाठी वाजवणाऱ्या 'निळा पडदा' नावाच्या ऑर्केस्ट्रात, मग १९८४ पर्यंत सिनेमाच्या सरकारी सिम्फनी ऑर्केस्ट्रात. थोडक्यात नोकरी. पगार चालू, संध्याकाळी लिहिणं चालू. १९८० मध्ये मॉस्कोच्या चायकोव्स्की हॉलमध्ये स्वतःचा दुसरा कॉन्चेर्टो वाजवला, त्याच वर्षी संगीतकार संघाचं सभासदत्व मिळालं, आणि नंतर मैफिली जवळपास बंद करून टाकल्या. १९८४ नंतर फक्त रचना आणि अधूनमधून स्टुडिओत रेकॉर्डिंग, एवढंच.

आता त्याच्या कागदात जरा डोकावू, खरी मजा तिथेच आहे.

ओपस ४१, व्हेरिएशन्स, १९८४ ची. आधी एक धून सांगायची आणि मग तिची वेगवेगळी रूपं दाखवत जायची हा मोझार्टच्या आधीपासूनचा फॉर्म. पण जॅझवाला दुसरं काय करतो? धून एकदा वाजवतो आणि मग फेरीमागून फेरी तिच्यावर रचत जातो. म्हणजे दोन्ही घरांच्या भिंतीत हा एक दरवाजा आधीपासूनच होता, कापुस्तिनने फक्त कडी काढली. आणि धून कुठली घेतलीय, तर सुरुवातीचे स्वर ऐकले की स्ट्राविन्स्कीच्या राइट ऑफ स्प्रिंगच्या अगदी आरंभीचं ते बासून या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचं एकाकी वळण आठवतं, १९१३ मध्ये पॅरिसमध्ये ज्या रचनेवरून थिएटरात हलकल्लोळ झाला ती. तेच वळण इथे जरा झुलवत, चुटक्या वाजवाव्यात असं येतं. पुढे स्विंगमधली रूपं, मग सगळं शांत करून एक संथ तुकडा, आणि त्यातून एकदम पिसाट वेगाचा शेवट. सहा-सात मिनिटांत खेळ खलास.

किंवा ओपस २८, जुन्या ढंगातली सुइट, १९७७. बाखच्या काळात नाचांच्या चालींचा संच असायचा तसा हा संच, आलमांड, गावोत, साराबांद, बुरे, जिग, नावंसुद्धा तीच. बाख आणि जॅझ यांचं इतकं का पटतं हे यात कळतं. दोन्हीकडे ठोका अढळ असतो, आणि दोन्हीकडे खालचा बेस नुसता आधार देत बसत नाही, स्वतःच चालत असतो, जॅझवाले त्याला वॉकिंग बेसच म्हणतात. शोपँसारख्या रोमँटिक काळातल्या रचनाकाराची लय ओढून-ताणून वाजवली जाते, बाखची नाही, त्यामुळे त्याच्या लयीवर स्विंग चटकन चढतो.

एट्यूड म्हणजे खरं तर रियाजाचा पलटा, एकेका एट्यूडमध्ये हाताची एकेक अडचण पकडायची आणि त्यातूनच ऐकण्याजोगं संगीत करायचं. ओपस ४० मध्ये असे आठ आहेत. तिसऱ्याचं नाव टोक्काटीना, एकच पट्टी बोटं बदलत बदलत टकटकटकटक वाजवायची, मशीनगनसारखी, आणि खाली डावा हात भलत्याच ठिकाणी जोर देतोय. दोन-अडीच मिनिटांचा खेळ आहे, युजा वांगसारखी पियानिस्ट मैफिलीच्या शेवटी वन्समोअरला हा वाजवते आणि लोक खुर्चीतून उठतात. नंतरच्या ओपस ६८ मध्ये तर हट्टच आहे, पाच एट्यूड, प्रत्येकात एकेक अंतर पकडलेलं. पहिल्यात शेजारशेजारच्या पट्ट्या सतत एकत्र दाबायच्या, म्हणजे षड्ज आणि कोमल रिषभ एकदम वाजवल्यासारखं, कुठल्याही सभ्य माणसाचे कान दुखतील असा मामला. पण मघाशी ब्लू नोटचं सांगितलं ना, दोन पट्ट्या चुरडून मधल्या स्वराचा भास? त्याने ती युक्ती उचलून अख्खी रचना त्यावरच उभी केली आणि ते चक्क नाचरं वाटतं.

मग २४ प्रिल्यूड्स, म्हणजे छोट्या स्वतंत्र रचना, ओपस ५३, सगळ्या २४ मेजर-मायनर स्केल्समध्ये शोपँच्याच क्रमाने, आणि १९९७ मध्ये २४ प्रिल्यूड्स आणि फ्यूग, ओपस ८२, म्हणजे बाख आणि शोस्ताकोविच यांनी जो डोंगर चढला तोच. फ्यूगमध्ये एकच धून दोन-तीन-चार आवाजांत एकामागून एक शिरते आणि सगळे आपापलं म्हणत राहतात. आयत्या वेळी असलं काही सुचून वाजवणं जॅझवाल्याला महाकठीण, आणि इथेच कापुस्तिनच्या कागदाचा मुद्दा पटायला लागतो. जॅझवाला पियानिस्ट सुरावट काढत असतो तेव्हा डोकं उजव्या हातात असतं, डावा हात बहुतेक वेळा कॉर्ड्स देऊन आधार देतो. कापुस्तिनचा डावा हात उजव्याइतकाच बडबड्या आहे, मधल्या बोटांत तिसराच आवाज काहीतरी पुटपुटतोय. शिवाय तो ३२ बारच्या फेऱ्यात अडकत नाही. सोनाटात दोन विषय येतात, त्यांची ओढाताण होते, दूरच्या स्केलमध्ये भटकून घरी परत येतात, हे वीस मिनिटांचं बांधकाम डोक्यातल्या डोक्यात आयत्या वेळी करणारे लोक असतील, पण मग खोडरबर कुठून आणणार?

त्याचं स्वतःचं म्हणणं साधारण असंच होतं. तो म्हणायचा की मी जॅझवाला नाहीच, मला इम्प्रोव्हायझेशनमध्ये रस नाही, आणि त्याच्याशिवाय जॅझवाला कसला? माझं इम्प्रोव्हायझेशन सगळं लिहिलेलं आहे, आणि लिहिल्यामुळे ते सुधारलंय. ऑस्कर पीटरसनला देवासारखं मानणारा माणूस हे सांगतोय, म्हणजे बघा. मला हे शेवटचं वाक्य पूर्ण पटत नाही, हे इथेच सांगून टाकतो. लिहिल्याने रचना घट्ट होते हे खरं, पण वाजवणारा आता काय करेल याची जी धाकधूक असते ती जाते, आणि कापुस्तिनच्या काही रचनांत सलग वीस मिनिटं सगळं इतकं चोख, इतकं भरगच्च असतं की कुठेतरी एक रिकामी जागा मिळावी असं वाटतं. जॅझवाला श्वास घ्यायला थांबतो, याचं पान भरलेलंच.

या मधल्या अवस्थेची किंमत त्याने मोजली. जॅझवाल्यांच्या लेखी हा क्लासिकलवाला, क्लासिकलवाल्यांच्या लेखी हा हलकंफुलकं लिहिणारा, ना इकडचा ना तिकडचा. फायदाही झाला म्हणा. सोनाटा, प्रिल्यूड, सुइट अशा सोज्वळ नावाच्या चोपड्यांमध्ये जॅझ गुंडाळून ठेवला तर साहेबांच्या नजरेत खुपत नाही, आणि हा स्वतःहून पुढे पुढे करणाऱ्यांतला नव्हताच.

वाजवणाऱ्यांसाठीही हे मधलं घर अवघडच. नोटेशनमध्ये स्वर बहुतेक जागी सारख्या लांबीचे लिहिलेत, स्विंग येतो तो जोर कुठे पडतो त्यातून. क्लासिकलमध्ये वाढलेला पियानिस्ट सवयीने भावुक होऊन लय ओढतो आणि सगळा ठेका बसतो मातीत. जॅझमधून आलेला उलट, जास्तीच झुलवतो आणि मग त्या दाट स्वरांची खिचडी होते. कापुस्तिनची स्वतःची रेकॉर्डिंग ऐका, लय दगडासारखी, लाडीगोडी नाही, आणि तरीही पाय हलतो. मी यातला एक संथसा प्रिल्यूड घेऊन बसलो होतो, पहिल्या दोन ओळी तीन आठवड्यांत जेमतेम हातात आल्या, तिसऱ्या ओळीत डाव्या हाताला एकदम एवढा लांबचा फाटा दिलाय की करंगळीपासून अंगठ्यापर्यंत ताणूनही पोचेना, मग पुस्तक मिटलं आणि परत ऐकणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

बाहेरच्या जगाने त्याला शोधलं ते उशिरा, आणि शोधलं ते पियानिस्टांनीच. रशियात निकोलाय पेट्रोव्ह त्याचा दुसरा सोनाटा वाजवायचा. २००० मध्ये स्कॉटिश पियानिस्ट स्टीव्हन ऑस्बोर्नने हायपेरिअन या ब्रिटिश कंपनीसाठी पहिले दोन सोनाटा आणि काही प्रिल्यूड्स रेकॉर्ड केले, २००४ मध्ये मार्क-आंद्रे आमलँने त्याच कंपनीसाठी आणखी एक अल्बम काढला, आणि मग गाडी सुटली. आमलँ म्हणजे कठीणातल्या कठीण रचना हसत वाजवणारा माणूस, त्याने हात लावला म्हटल्यावर बाकीच्यांना चेव चढतो. जपानमध्ये चाहते वाढले, स्पर्धांमध्ये पोरं त्याचे एट्यूड वाजवायला लागली, व्हिडिओ आणि सरकत्या नोटेशनवाल्या क्लिपांनी तर धुमाकूळ घातला, शॉट या १७७० पासून चालत आलेल्या जर्मन प्रकाशनाने त्याच्या चोपड्या छापायला घेतल्या, आणि अलीकडे फ्रँक डुप्री नावाच्या जर्मन पियानिस्टने कॉन्चेर्टो रेकॉर्ड करायचा सपाटा लावलाय. हा डुप्री जॅझही वाजवतो, त्यामुळे त्याचं ऐकताना बँड आणि पियानो एका घरचे वाटतात.

ऐकायला सुरुवात करायची तर सोनाटापासून करू नका, डोक्यावरून जाईल. आधी टोक्काटीना, मग व्हेरिएशन्स, आवडलं तर सुइट, आणि मग दुसऱ्या सोनाटाकडे वळा. आणि एक प्रयोग करा, एकच एट्यूड दोन वेगवेगळ्या पियानिस्टांचं पाठोपाठ ऐका, पहिल्यांदा डोळे मिटून आणि दुसऱ्यांदा नोटेशन बघत. मित्राने पाठवलेल्या त्या दोन्ही फाइल्स माझ्याकडे अजून आहेत. त्या तिरप्या स्वरावर जोराची खूण छापलीय हे डोळ्यांनी बघितलंय, तो कितव्या सेकंदाला येतो हेही आता पाठ झालंय, तरी पहिल्या फाइलमधल्या त्या पियानिस्टचं बोट तिथे घसरलं असं मला दर वेळी वाटतंच.